फोटोत नसलेली ताई

एका वाचकाचे पत्र, थोडे संक्षिप्त करून:

“माझी थोरली बहीण दोन महिन्यांनी ६० वर्षांची होईल. आई लवकर गेली, त्यामुळे मला ताईनेच वाढवले; मी तिच्याहून १० वर्षांनी लहान. जुन्या फोटोंचा कोलाज करून त्यात स्वतः लिहिलेल्या कवितेच्या ओळी घालाव्यात आणि तो तिला द्यावा, असे मनात आहे. पेटीत १४० फोटो निघाले. त्यांपैकी केवळ ११ फोटोंत ताई आहे, कारण कॅमेरा नेहमी तिच्याच हातात असे. (एका उभ्या फोटोत तिची सावली तेवढी आली आहे. मी डोळे बारीक करून उभा आहे आणि खालच्या कडेला तिच्या डोक्याची आणि दोन्ही बाजूंना बाहेर आलेल्या कोपरांची सावली दिसते.) माझ्या वयाच्या १४ ते १९ या वर्षांतला एकही फोटो नाही, कॅमेरा बिघडला तो पुन्हा दुरुस्त झालाच नाही. मोबाइलवरच्या ॲपमध्ये दोनदा कोलाज करून पाहिला, पण तो सूचनाफलकासारखा दिसतो. कविता २४ ओळींची झाली आहे. पहिले कडवे असे आहे:

ताई, तू मायेची सावली,
उन्हात धरलीस छाया,
तुझ्यामुळेच ही फुलली
माझ्या जीवनाची काया.

वाचताना ती कुणाच्याही ताईची वाटते. आणखी एक प्रश्न आहे. एक फोटो ताईच्या लग्नातला आहे. ते लग्न टिकले नाही आणि तिने त्या फोटोचा अर्धा भाग कात्रीने कापून टाकला आहे. तो कोलाजमध्ये घ्यावा का?”

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रातली सर्वांत मोलाची गोष्ट तुम्ही कवितेत लिहिलेली नाही, ती कंसात लिहिली आहे. कवितेत तुम्ही ताईला ‘मायेची सावली’ म्हणता, आणि पेटीतल्या एका फोटोत ताईची खरीखुरी सावली जमिनीवर पडलेली आहे. या दोन सावल्यांची तुमच्या मनात अजून गाठ पडलेली नाही. ती पडली, की कविता कुणाच्याही ताईची राहणार नाही आणि कोलाजचा मध्यही तुम्हाला सापडेल. म्हणून मी आधी त्या एका फोटोविषयी लिहितो आणि मग बाकीच्या गोष्टींकडे वळतो.

तो फोटो समोर ठेवा आणि काही वेळ नुसता पाहा. त्या काळी हौशी फोटो काढणाऱ्यांना एक गोष्ट हटकून सांगितली जाई, की ऊन आपल्या पाठीशी घ्यावे, म्हणजे समोरच्याच्या चेहऱ्यावर उजेड येतो. ताईने ते पाळले. त्यामुळे ऊन तुमच्या डोळ्यांवर आले आणि तुम्ही डोळे बारीक केले. त्यामुळेच तिची सावली पुढे तुमच्या दिशेने पडली. सावली फोटोत येण्याइतकी लांब आहे, म्हणजे वेळ सकाळची किंवा दुपार कलल्यानंतरची असणार. कोपरे बाहेर आली आहेत, कारण कॅमेरा हलू नये म्हणून तिने तो दोन्ही हातांनी घट्ट धरला आहे. तिने ३५ मिलिमीटरच्या फिल्मचा रोल वापरला असेल, तर मोठ्यातला मोठा नेहमीचा रोल ३६ फोटोंचा असे, आणि कळ दाबली की एक फोटो खर्ची पडे. तो चांगला आला की वाईट, हे रोल धुऊन आल्यावरच समजे. तरुण वयातल्या त्या मुलीने मोजक्या फोटोंतला हा एक तुमच्यावर खर्च केला, आणि नकळत तिची स्वतःची खूणही त्यात राहून गेली. तिचा चेहरा असलेले ते ११ फोटो दुसऱ्या कुणीतरी काढलेले आहेत. हा तिने काढलेला आहे आणि यात तीही आहे.

आता कवितेकडे वळू. तुमच्या कडव्यातला ‘काया’ हा शब्द ‘छाया’ने ओढून आणला आहे, हे तुम्हालाही जाणवले असेल. जीवनाची काया म्हणजे नेमके काय, हे विचारले तर तुम्हाला सांगता येणार नाही, कारण ती गोष्ट तुम्ही पाहिलेली नाही. यमकाशी माझे वैर नाही. ओवीच्या किंवा चारोळीच्या लयीत तुमचे कान रमत असतील तर त्या लयीत अवश्य लिहा. पण केवळ यमकासाठी आलेला शब्द निर्दयपणे काढून टाका, मग ओळ लंगडी राहिली तरी चालेल. ‘मायेची सावली’ हे शब्द खोटे नाहीत. ते इतक्या जणांच्या तोंडून गेले आहेत, की ऐकणाऱ्याला आता त्यात ऊनही दिसत नाही आणि सावलीही दिसत नाही. तुमच्याकडे मात्र दोन्ही आहेत. तुम्ही कंसात लिहिलेलीच वाक्ये मी थोडी मोकळी करून पाहतो:

ऊन तुझ्या पाठीशी होते,
म्हणून माझे डोळे मिटत आलेले.
खाली, कडेला,
तुझी दोन कोपरे.
इतकी वर्षे वाटत होते,
या फोटोत मी एकटाच आहे.

या ओळी जशाच्या तशा घेऊ नका, कारण त्या उन्हात मी नव्हतो. त्या दिवशी ताई काय म्हणाली, ‘हलू नकोस’ म्हणाली की ‘हस’ म्हणाली, तुम्ही का रुसला होता, पायात काय होते, हे तुम्हालाच ठाऊक. ताईच्या तोंडचे एखादे वाक्य आठवत असेल तर ते तिच्याच शब्दांत, तिच्या बोलण्याच्या ढंगासह, एक अक्षरही न सजवता कवितेत येऊ द्या. घरातले बोलणे आपल्याला कवितेसाठी फार साधे वाटते, पण साठीच्या बहिणीला चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीचे स्वतःचे वाक्य समोर लिहिलेले दिसणे ही काही लहान गोष्ट नव्हे.

फोटो आणि कविता एकत्र आणताना मी एकच कसोटी लावतो. जे फोटोत दिसते ते ओळीत पुन्हा सांगू नये. तुम्ही उभे आहात हे फोटो सांगतोच. आवाज, वास, आधी काय घडले, नंतर काय झाले आणि कॅमेऱ्यामागे कोण होते, हे तो सांगू शकत नाही, आणि कवितेची जागा तिथे असते. कोलाजच्या जन्मापासून हे शहाणपण त्यात आहे. हा शब्दच मुळी ‘चिकटवणे’ या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदावरून आला, आणि १९१२ साली पिकासोने एका लंबगोल चित्रात वेताच्या विणीचे छापील मेणकापड चिकटवले आणि चौकटीच्या जागी खरा दोर गुंडाळला. जी वस्तू स्वतःच हजर आहे, ती रंगवून दाखवण्याची त्याला गरज वाटली नाही. तुमच्या कोलाजमध्ये ताईची सावली हजर आहे. तेव्हा ‘तू सावली आहेस’ असे लिहिण्याची गरज राहत नाही.

याच कारणासाठी फोटोच्या थेट खाली ओळ लिहू नका. खाली लिहिलेली ओळ वाचणाऱ्याला शीर्षकासारखी वाटते, आणि शीर्षकाचे काम फोटोत काय आहे ते सांगण्याचे असते. तीच ओळ फोटोच्या बाजूला, थोडी वर, मध्ये मोकळी जागा ठेवून लिहिली, की डोळा फोटोवरून ओळीकडे जातो आणि परत फोटोकडे येतो, आणि परत येताना त्याला आधी न दिसलेले काहीतरी दिसते. तुमच्या २४ ओळींपैकी दहा-बारा राहिल्या तरी पुष्कळ आहेत. त्या एका जागी न लिहिता तीन-चार तुकड्यांत विभागा. कागदाच्या एकाच कोपऱ्यात सगळी कविता आली, तर लोक फोटो पाहतात आणि कविता सोडून देतात.

तुमचा कोलाज सूचनाफलकासारखा का दिसतो, याचे कारण निवडीत आहे. ॲपमधले तयार साचे बहुधा सगळ्या फोटोंना सारख्या आकाराचे चौकोन देतात, आणि सगळे सारखे झाले की कशाकडे पाहायचे हेच कळत नाही. १४० फोटोंमधून सात घ्या. ऐकायला हे कठोर वाटेल, म्हणून निवडीची एक रीत सांगतो. सगळे फोटो एकदा जमिनीवर मांडून पाहा, पेटीत परत ठेवा आणि दोन दिवस पेटी उघडू नका. तिसऱ्या दिवशी, न पाहता, जे फोटो आठवतात त्यांचे वर्णन कागदावर लिहून काढा. दहाबारांच्या पुढे यादी सहसा जात नाही. आठवणीने जे धरून ठेवले आहेत, त्यांतूनच सात निवडा. चेहरे छान आले आहेत किंवा अमुक नातेवाइकाला वाईट वाटेल, या कारणांनी उरलेल्या फोटोंतला एकही आत येऊ देऊ नका. त्यांच्यासाठी वेगळा अल्बम करता येतो.

मापांचे गणित सोपे आहे. ए-२ आकाराचा कागद ४२० बाय ५९४ मिलिमीटरचा, म्हणजे सुमारे साडेसोळा बाय साडेतेवीस इंचांचा असतो. त्यावर सावलीचा फोटो ८ बाय १२ इंच इतका मोठा करून घ्या आणि बाकीचे सहा ३ बाय साडेचार इंचांचे ठेवा. सातही फोटो मिळून कागदाचा अर्ध्याहून थोडा कमी भाग व्यापतात. उरलेला भाग शब्दांचा आणि रिकाम्या जागेचा. ती रिकामी जागा भरण्यासाठी फुले, बदाम, चमकी असे काही शोधू नका.

एका गोष्टीकडे मात्र डोळ्यांत तेल घालून लक्ष द्या. ३५ मिलिमीटरच्या फिल्मवरची चौकट दोनास तीन या प्रमाणात असते. ४ बाय ६ आणि ८ बाय १२ ही मापे त्याच प्रमाणातली आहेत. तुम्ही ८ बाय १० चा प्रिंट मागितलात, तर लांबीतले दोन इंच कापले जातात, आणि उभ्या फोटोत कापले जाणारे दोन इंच खालच्या कडेचे असू शकतात. म्हणजे नेमकी ताईच कापली जाईल. छपाईला देताना ‘खालची कडा कापू नये, सावली उजळवू नये’ असे लिहूनच द्या, कारण फोटो सुधारणाऱ्याच्या नजरेत अशी सावली हा दोष असतो.

मूळ फोटोंना कात्री आणि गोंद लावू नका, हे मी स्वतःच्या चुकीतून शिकलो आहे. पुष्कळ वर्षांपूर्वी मी आईच्या तरुणपणीचा एक मूळ फोटो कडा कापून, रबर सोल्युशनने जाड पुठ्ठ्यावर चिकटवला होता. काही वर्षांनी गोंदाचे तपकिरी डाग फोटोच्या पुढच्या बाजूला उमटले. ते पाहून मावशी हळहळली आणि म्हणाली, “मागे तिने काय लिहिले होते, ते तरी वाचलेस ना?” मी तो फोटो एकदाही उलटून पाहिला नव्हता. पुढे पुठ्ठा भिजवून तो सोडवण्याचा प्रयत्न केला. हाती आले ते निळ्या शाईचे दोन फराटे आणि एका अक्षराची वेलांटी.

म्हणून तुमचे १४० फोटो आजच उलटून पाहा. मागे लिहिलेली तारीख, एखादे नाव, ‘हा फार दंगा करतो’ अशी एखादी ओळ सापडली, तर ती ताईच्या हस्ताक्षरातली कविता समजा आणि फोटोची मागची बाजूही पुढच्या बाजूइतक्याच काळजीने स्कॅन करून कोलाजमध्ये घ्या. स्कॅन ६०० डीपीआयवर, म्हणजे एका इंचात ६०० ठिपके या बारकाईने, करा. ४ बाय ६ इंचांचा फोटो तसा स्कॅन केला की २४०० बाय ३६०० पिक्सेल मिळतात आणि ३०० डीपीआयने छापल्यावर तो ८ बाय १२ इंचांपर्यंत स्वच्छ येतो. मोबाइलने फोटोचा फोटो काढून तो मेसेजिंग ॲपमधून छपाईला पाठवला, तर वाटेत पिक्सेल कमी होतात. मूळ फाइलच द्या. रंग उडून फोटो तांबूस किंवा पिवळट झाले असतील, तर ते थोडेसे सुधारा, पण कालच काढल्यासारखे करू नका.

चिकटवण्यासाठी कागद आम्लविरहित घ्या. साध्या पुठ्ठ्यातील आम्लामुळे त्याला चिकटलेली प्रतही कालांतराने पिवळी पडते. गव्हाची पातळ खळ किंवा आम्लविरहित पांढरा गोंद चालेल. तो पातळ लावून फोटो जड पुस्तकांखाली रात्रभर दाबून ठेवावा, नाहीतर कागद ओलाव्याने फुगतो. सेलोटेप अजिबात वापरू नका. काच लावणार असाल तर काच आणि फोटो यांच्यात पुठ्ठ्याच्या चौकटीने थोडे अंतर ठेवा, कारण दमट हवेत फोटोचा पृष्ठभाग काचेला चिकटून बसतो.

ओळी स्वतःच्या हाताने लिहा. अक्षर सुंदर नाही ही सबब ताईपुढे चालणार नाही; तिने तुमचे अक्षर पाटीवरचे असल्यापासून पाहिले आहे. शाई पिगमेंटची, म्हणजे न विरघळणाऱ्या रंगकणांची, घ्या, कारण बॉलपेन आणि साध्या शाया उजेडात फिक्या पडतात. फोटोवर थेट लिहू नका: गुळगुळीत कागदावर शाई पसरते, आणि मागे झाडे किंवा गर्दी असेल तर शिरोरेषा त्यात हरवून अक्षर लागत नाही. वेगळ्या कागदाच्या पट्टीवर लिहा. ओळींमध्ये वरच्या वेलांट्या आणि खालचे उकार एकमेकांत अडकणार नाहीत इतके अंतर ठेवा.

आता फोटो नसलेल्या वर्षांविषयी. १४ ते १९ या वयातली जागा कशी भरावी, असे तुम्ही विचारलेले नाही, पण पत्रात तिचा उल्लेख केला आहे, त्या अर्थी ती तुम्हाला टोचते आहे. ती भरू नका, दाखवा. जुन्या अल्बममध्ये फोटो बसवण्यासाठी कागदी कोपरे असत. तसे चार कोपरे लहान फोटोच्या मापाने कोलाजवर चिकटवा आणि मधली चौकट कोरी ठेवा. त्या चौकटीत कवितेचा एक तुकडा येऊ द्या, त्या वर्षांचा. या पाच वर्षांत ताई घरात होतीच, तुमचा आवाज फुटत होता, ती थकून येत असेल, तुम्ही उलट उत्तरे देत असाल. दाराची कडी वाजण्याचा आवाज, अंधारात तिने बाहेरून मारलेली हाक, तुमच्या वहीवर घातलेले कव्हर, यांतले काय आठवते ते तुम्ही शोधा. बिघडलेला कॅमेरा कुठे ठेवलेला असे, एवढे आठवले तरी दोन ओळी होतील. माझ्या मते सगळ्या कोलाजमध्ये हीच जागा सर्वांत जास्त वेळ पाहिली जाईल, म्हणून कवितेतल्या सर्वांत चांगल्या ओळी इथे राखून ठेवा.

राहिला कापलेला फोटो. तो घेऊ नका. कात्री ताईने चालवली आहे, आणि ती कड काय सांगते, हे सांगण्याचा अधिकारही तिचाच आहे. कलेच्या दृष्टीने तो फोटो तुम्हाला खुणावत असेल, हे मी समजू शकतो, कारण कापलेली कड कुणाचेही लक्ष वेधून घेते. पण हा कोलाज तुमच्या आठवणींचा आहे आणि तो फोटो तिच्या आठवणींचा. त्याविषयी कवितेतही अप्रत्यक्ष उल्लेख नको. पेटीत तो जसा होता तसाच ठेवा, आणि पेटी ताईची असेल तर काम झाल्यावर सगळे फोटो त्याच क्रमाने तिला परत करा. पुढे कधी तीच त्याविषयी बोलली तर ऐका. आपण होऊन विचारू नका.

वेळ तुमच्याकडे पुरेसा आहे, पण कविता आधी पुरी करा आणि मांडणी नंतर. मांडणी हाताला काम देते आणि त्यात समाधान लवकर मिळते, म्हणून माणूस तिच्यातच रमतो आणि ओळी शेवटच्या रात्री घाईने लिहिल्या जातात. सातही प्रती आणि कोऱ्या चौकटीचे कोपरे आठवडाभर न चिकटवता नुसते कागदावर ठेवा, येता-जाता सरकवा, रोज एकदा कविता मोठ्याने वाचा आणि जिथे जीभ अडते तो शब्द बदला. हात थांबले की गोंद घ्या.

आणि एक विनंती आहे. वाढदिवसाला घरात माणसे जमणार असतील, तर कोलाज त्यांच्यासमोर उघडू नका आणि कविता वाचूनही दाखवू नका. आदल्या संध्याकाळी, दोघेच असताना, तो तिच्या हातात द्या आणि थोडे बाजूला उभे राहा. तिला सावली लगेच दिसेलच असे नाही. बोट दाखवू नका. तुमची ओळ तिथवर तिला घेऊन जाईल. तो सगळ्यांना दिसेल असा भिंतीवर लावायचा की आपल्या कपाटात ठेवायचा, हे तिचे तिला ठरवू द्या.